धाकट्या जावयाचा चाकू

धार लावलेला चाकू हातात आला की माणूस आधी तो तपासतो. कुणी अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघतं, कुणी वर्तमानपत्राचा कागद उभा चिरतं, कुणी मनगटावरचे केस भादरून दाखवतं आणि वर तोंड करून विचारतं, "टिकेल ना हो?" चावीवाला आणि चप्पल शिवणारा यांच्या मध्ये, जेमतेम दीड माणूस मावेल एवढ्या गाळ्यात बसून आमच्या या धारवाल्याने एकतीस वर्षं ही सगळी सर्कस पाहिली. त्याचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. चाकू त्यांचा, बोटं त्यांची, बघू देत.

फक्त एक माणूस कधी तपासत नसे, आणि तो म्हणजे त्याचे सासरे. दर दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला, म्हातारबुवा गाळ्यापाशी यायचे, आतलं तीन पायांचं स्टूल ओढून बाहेर काढायचे, बसायचे, खिशातून घडीचा छोटा चाकू काढून फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा हो थोरले, जरा ओढायला लागलाय." मग चहा. चहा संपेपर्यंत चाकू तयार. तो हातात आला की पातं मिटायचं आणि सरळ खिशात. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा धारवाला म्हणाला होता, "अहो मामा, बघा तरी कसा झालाय ते!" सासरे उठता उठता म्हणाले, "तुम्ही बघितलात ना? मग मी आणखी काय बघू त्यात?"

झालं. एवढ्या एका वाक्यावर हा गडी एकतीस वर्षं जगला. हसू नका. ज्याला शाळेत कुणी शाबासकी दिली नाही, ज्याच्या बापाने मरेपर्यंत "हा कात्र्या घासतो" एवढीच ज्याची ओळख करून दिली, त्याला असलं वाक्य जन्मभर पुरतं. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, न्हाव्यांचे वस्तरे सगळं त्याच्या दगडावरून जायचं, पण जीव लावून तो करायचा ते त्या एका छोट्या चाकूचं काम.

कारण सासऱ्यांचा सगळा धंदा त्या चाकूवर होता. वस्तीच्या टोकाला त्यांची रोपवाटिका. तिथे ते गुलाबाचे डोळे भरायचे. म्हणजे काय, तर जंगली गुलाबाच्या खुंटाला सालीपुरती चीर द्यायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवर पानाच्या बगलेत जो कोंब फुगलेला असतो, त्यालाच डोळा म्हणायचं, तो सालीसकट अलगद सोलून घ्यायचा, चिरीत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. चीर स्वच्छ पडली तर दोन्ही साली एकजीव होतात. चिरडली गेली तर डोळा काळा पडतो आणि गळतो. म्हणून या चाकूला धार एकाच अंगाने असते, दुसरं अंग सपाट. सासऱ्यांचा चाकू साध्या कार्बनच्या पोलादाचा होता. झाडाच्या चिकाने काळा पडलेला, पुसायचा राहिला तर दुपारपर्यंत तांबूस होणारा, आणि इतक्या वर्षांच्या घासण्याने पातं निम्म्याने झिजलेलं. पण धार घ्यायची तर अशी की दगडावर दहा हात फिरवले की पुन्हा नवा.

सासऱ्यांना दोन मुली. थोरलीचा नवरा म्हणून धारवाला "थोरले" आणि धाकटीचा नवरा "धाकटे". सासरी या दोघांना दुसरी नावंच नव्हती म्हणा ना. आणि या धाकट्यांनी आमच्या माणसाला जो पोटशूळ उठवला, त्याची ही गोष्ट.

धाकटे लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत साहेब. अंगाने गोरेगोमटे, बोलायला गोड, सासूबाईंच्या आजारपणात रजा टाकून आठवडाभर दवाखान्यात बसलेले. म्हणजे नाव ठेवायला जागा नाही, आणि धारवाल्याची तक्रार नेमकी तीच. वर या गृहस्थांना नाद कसला, तर घडीचे चाकू जमवायचा. आत मखमल लावलेली पेटी, तिच्यात ओळीने बावीस चाकू. बावीस! आणि त्यांनी कापायचं काय, तर पार्सलची चिकटपट्टी.

घरी सगळे जमले की पेटी उघडायची आणि धाकटे सुरू व्हायचे. "साडूभाऊ, हे बघा, हे साधं स्टेनलेस. गंजत नाही, पण मऊ, आठवड्यात बोथट होऊन बसतं. हे जरा वरच्या जातीचं. आणि हे, हे पावडरचं पोलाद. धातूची भुकटी करून, दाबून, भाजून बनवतात. कठिणता बासष्ट. तुमच्या त्या जुन्या कार्बनची सत्तावन्न असेल फार तर." धारवाला मान डोलवायचा. ज्या पोलादाची कठिणता तो दगडावरच्या आवाजावरून सांगायचा, तिचा आकडा हा माणूस त्याला पाठ म्हणून दाखवत होता. घरी जाताना तो बायकोला म्हणायचा, "आकड्यांनी कधी काकडी चिरली आहे का?"

बायको म्हणायची, "तुमच्या पोटात दुखतंय."

"माझ्या? माझ्या कशाला दुखेल?"

"मग पायऱ्या आपटत का उतरलात?"

सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला धाकट्यांनी एक छोटी डबी पुढे केली. आत घडीचा चाकू. पावडरच्या पोलादाचा, खास सांगून बनवून घेतलेला. आणि त्या माणसाने चौकशी तरी किती करावी! धार एकाच अंगाने. पाठीमागे साल उचकटायला छोटी पितळी जीभ. मूठ सासऱ्यांच्या जुन्या चाकूच्या मुठीइतकीच, कारण ती म्हणे त्यांनी गुपचूप मोजून नेली होती. सासरे लहान मुलासारखे तो उघडत होते आणि मिटत होते. धारवाल्याने आणलेली गरम बंडी खुर्चीवर घडी घालून पडली होती.

मग धाकट्यांनी सुतळीचा गुंडा मागवला. दोन्ही चाकू घेऊन पाटावर सुतळी कापायची, मधून मधून कागद चिरून बघायचा, कुठला आधी बसतो ते मोजायचं. जुन्या चाकूला परवाच धार लावलेली. चाळीस कापांनंतर जुना चाकू कागदाला अडखळला. नवा दोनशेच्या पुढे गेला तरी सरळ चिरत होता. सासरे मोठ्याने मोजत होते, "दोनशे बारा, दोनशे तेरा..." आणि सगळं घर टाळ्या पिटत होतं.

"मामा सुतळी कापतात का?" धारवाला एकदम म्हणाला. आवाज जरा चढलाच. "ते साल कापतात. सालीला किती वेळ कापतो हे लागत नाही, किती बारीक कापतो ते लागतं. कार्बनला जी बारीक धार येते ती याला यायची नाही. आणि हा एकदा बसला ना, मग बसा घासत दिवसभर."

"अगदी बरोबर," धाकटे लगेच म्हणाले. "साडूभाऊंच्या हाताची सर कशालाच नाही. पण मामांना उन्हातान्हात इतक्या लांब चालत जावं लागतं, तेवढं तरी वाचेल."

घ्या! वाचेल म्हणे. म्हणजे एकतीस वर्षांचे मंगळवार म्हणजे म्हाताऱ्याच्या पायांचे हाल होते तर. धारवाल्याने पाटावरचे सुतळीचे तुकडे गोळा केले आणि स्वयंपाकघरात नेऊन टाकले.

पुढच्या मंगळवारी सासरे आले नाहीत. चहावाल्याने सवयीने दोन कप आणून ठेवले, धारवाल्याने दोन्ही प्यायले. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. चावीवाला कानसेतून मान वर करून विचारायचा, "काय, सासरेबुवा दिसले नाहीत?" धारवाला म्हणायचा, "कामात आहेत." पाच महिने गेले. दहा मंगळवार स्टूल बाहेर निघालं आणि तसंच आत गेलं. शेवटी त्यावर ग्राहकांच्या कात्र्या ठेवायला सुरुवात झाली.

बायको माहेरी जाऊन आली की हा आडून आडून विचारायचा. "मामांचा हात चालतोय ना? चाकू कसा काय?"

"अहो, बाबा खूश आहेत. सारखं सांगतात, पाच महिने झाले, दगड दाखवला नाही."

"दगड दाखवला नाही," धारवाल्याने कारलं चावल्यासारखं तोंड करून तेच शब्द परत म्हटले. त्या दिवशी त्याने एका खाटकाचा सुरा इतका घासला की खाटीक म्हणाला, "अहो, पातं शिल्लक ठेवा की राव." खरं सांगायचं तर त्याला सासऱ्यांचा राग नव्हता, चाकूचाही नव्हता. धाकट्यांचा होता. त्याच्याकडे आख्ख्या जगात एकच गोष्ट होती जी धाकट्यांकडे नव्हती, आणि ती या माणसाने डबीत घालून, हसत हसत, वाढदिवसाचं निमित्त करून काढून घेतली होती.

आणि मग एका मंगळवारी, अकराच्या ठोक्याला, सासरे आले.

धारवाल्याने कात्र्या स्टुलावरून अक्षरशः खाली लोटल्या. सासरे बसले, खिशातून नवा चाकू काढला. "बघा हो थोरले. शेवटी बसलाच. धाकट्यांनी त्यांच्या यंत्रावर दोन तास खटपट केली, पण तेच म्हणाले, हे साडूभाऊंचंच काम, माझ्या हाताला यायचं नाही. दोनशे गुलाबांची मागणी आहे, शुक्रवारी डोळे भरायला घेतोय."

धारवाल्याने चाकू दगडावर धरला. एक हात, दोन हात, दहा हात. दगडच गुळगुळीत व्हायला लागला. पातं जणू त्याच्याकडे बघून हसत होतं. चहा संपला तरी काही नाही. एकतीस वर्षांत जे वाक्य सासऱ्यांना कधी ऐकवलं नव्हतं ते त्या दिवशी बोलावं लागलं. "मामा, हा आज नाही व्हायचा. गुरुवारी घेऊन जा."

त्याने हत्यारांच्या दुकानातून हिऱ्याची पट्टी आणली. लोखंडाच्या पट्टीवर हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. असल्या पोलादाला तीच लागते. धाकटे गेली दोन वर्षं सांगत होते, "साडूभाऊ, एक हिऱ्याची पट्टी घेऊन ठेवा," आणि हा म्हणत होता, "आमचा दगड बरा आहे." म्हणून पट्टी कागदात गुंडाळून आणली, चावीवाल्यालासुद्धा दिसू दिली नाही. बुधवारचा आख्खा दिवस तो त्या चाकूला लागला होता.

आणि काय सांगावं! धार आली. अशी आली की त्याच्या आयुष्यात तशी धार त्याने कुठल्याच पात्यावर पाहिली नव्हती. त्याने डोक्यावरचा एक केस उपटला, एका टोकाला धरला आणि पात्यावर नुसता टेकवला. केसाचे दोन झाले. कार्बनला येते ती बारीक धार याला यायची नाही, असं सगळ्या घरासमोर तो म्हणाला होता. ते खोटं होतं. पोलाद चांगलं होतं, मेलं! सगळं सहन झालं असतं, पण धाकटे बरोबर होते हे काही त्याला सहन झालं नाही.

आता इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. एका अंगाने धार लावताना दुसऱ्या, सपाट अंगाला पोलादाची बारीक कोर उभी राहते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. धारवाला तिला तार म्हणायचा. शेवटी पातं उताणं करून सपाट अंगाने एक हलका हात फिरवला की तार निघते आणि खरी धार उरते. तार तशीच ठेवली तर चाकू भयंकर धारदार वाटतो, कागद लोण्यासारखा कापतो. पण ओल्या लाकडात चार-पाच चिरा दिल्या की तार दुमडते, मग तुटते, आणि मागे करवतीसारखी कड राहते. शिकाऊ माणूससुद्धा ती ठेवत नाही.

केस कापून झाल्यावर धारवाल्याने पातं पुन्हा पट्टीवर ठेवलं, धारेच्या अंगाने चार जड हात मारले आणि चांगली तार उभी केली. पातं उताणं करायला बोटं सवयीने वळली. त्याने ती थांबवली. चाकू पुसला, मिटला आणि फळीवर ठेवला.

मनाशी त्याने जुळवाजुळवही केली. आपण काही वाईट केलं का? नाही. एक हात फिरवला नाही, एवढंच. शुक्रवारी पाच-सहा खुंटांनंतर चाकू ओढायला लागेल. सासरे म्हणतील, हे पोलाद काही खरं नाही, दोन दिवसांत बसलं. खिशातून जुना काढतील, उरलेली रोपं त्याने करतील, आणि येत्या मंगळवारपासून पुन्हा स्टूल, पुन्हा चहा. कुणाचं काय बिघडलं? धाकट्यांचे आकडे जरा खाली येतील, तेवढंच.

गुरुवारी सासरे आले. त्याने चाकू दिला. मनात म्हणाला, आज तरी बघा. एकदा नख लावून बघा. सासऱ्यांनी चाकू हातात घेतला आणि सरळ खिशात घातला.

येता मंगळवार गेला. पुढचाही गेला. सासऱ्यांकडून ना निरोप ना काही. तिसऱ्या आठवड्यात रविवारी दोन्ही मुली-जावयांना जेवायला बोलावणं आलं. धारवाल्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आता पोलादाचा निकाल लागणार, असं त्याला आतून वाटत होतं. धाकट्यांचं तोंड कसं होईल याचा विचार करत तो वाटभर गुणगुणत होता, इतका की बायको म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय."

जेवणं झाली. सासऱ्यांनी दोन्ही चाकू आणून सतरंजीवर ठेवले.

"दोनशे डोळे भरले," ते म्हणाले. "एकोणीस धरले. बाकीचे काळे पडून गळाले."

म्हाताऱ्याच्या हातचे शंभरातले नव्वद धरायचे, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

"मामा, चाकूमध्येच काही दोष..." धाकटे पुढे सरकून म्हणाले.

"नाही हो. मीपण तो विचार केला. पाचव्या-सहाव्या खुंटालाच ओढल्यासारखं वाटायला लागलं होतं. म्हटलं चष्मा असेल. चष्मा पुसला. म्हटलं बसण्यात चूक असेल. उठून दुसरीकडे बसलो. पण पोलाद तुम्ही पारखून आणलेलं. पाच महिने सोन्यासारखं चाललं. आणि धार थोरल्यांच्या हातची, नुकतीच लावलेली. मग उरलं कोण? मी उरलो." त्यांनी उजवा हात पालथा-उताणा करून पाहिला. "हात गेले माझे. डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी कंपासाठी गोळ्या दिल्यात. रोपवाटिका शेजारच्या माळ्याला चालवायला देतोय. मागणीवाल्यांना नाही म्हणून कळवलं."

मग त्यांनी नवा चाकू धाकट्यांपुढे सरकवला. "हा तुमचा तुम्हाला. असल्या चाकूला चांगला हात पाहिजे." आणि जुना उचलून, मिटून, धारवाल्याच्या हातात ठेवला. "हा तुमचा, थोरले. एकतीस वर्षं तुम्हीच याला जिवंत ठेवलात. दुसऱ्या कुणाला कसा देऊ?"

बघा, हेच हवं होतं त्याला. सगळ्या घरादेखत, धाकट्यांच्या डोळ्यांसमोर, सासऱ्यांच्या हाताने. किती वेळा त्याने हे मनात रंगवलं असेल! धाकटे नाराजसुद्धा झाले नाहीत. डोळे पुसत म्हणाले, "अगदी योग्य. तो साडूभाऊंचाच." धारवाल्याच्या तळहातात ती झिजलेली मूठ होती आणि त्याला ती धरवत नव्हती.

परतताना बायको वाटेत थांबली आणि रडायला लागली. "आज पहिल्यांदा बाबा मला म्हातारे दिसले हो. भाजीसुद्धा चिरत नाहीत म्हणे आता. घास उचलताना हाताकडे बघत होते, पाहिलंत तुम्ही?" त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाळा उघडलाच नाही. खिशात जुना चाकू आणि एक छोटा दगड घेऊन तो रोपवाटिकेत गेला. सासरे एका पालथ्या खोक्यावर बसून होते. समोर काळ्या पडलेल्या डोळ्यांची रोपं, रांगेने, पट्ट्या बांधलेलीच.

"मामा, एक दाखवायचंय," तो म्हणाला. बसला, दगडावर पाणी टाकलं, आणि जुन्या चाकूवर धारेच्या अंगाने चार जड हात मारले. मग चाकू सासऱ्यांच्या हातात दिला. "सपाट अंगावरून नख कडेकडे न्या. हळू. अडकलं?"

सासऱ्यांनी नख नेलं. "अडकलं."

"ती तार. शेवटी एक हात फिरवून ती काढायची असते. त्या नव्या चाकूवर मी ती काढली नव्हती. विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवली होती."

शेजारच्या नळाचं पाणी बादलीतून वाहून जात होतं, ते बंद करायलाही कुणी उठलं नाही.

"का?"

"हेवा वाटला, मामा." एवढं सरळ बोलायला त्याला जन्म लागला होता. "धाकट्यांचा. तुम्ही माझ्याकडे यायचे बंद झालात. वाटलं, पोलादाला दोष द्याल आणि परत याल. तुम्ही स्वतःला दोष द्याल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

सासरे चिडले असते, हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, बोटं पसरली, आणि तो हलतोय का ते बघत राहिले. हलत नव्हता.

"तीन आठवडे," ते शेवटी म्हणाले, "तीन आठवडे मी या हाताशी बोललो नाही हो."

मग त्यांनी चाकू परत दिला. "काढा ती तार." धारवाल्याने पातं उताणं करून एक हलका हात फिरवला. सासऱ्यांनी एक खुंट पुढे ओढला, चीर दिली, डोळा सोलला, बसवला. चीर सुईने ओढल्यासारखी पडली. त्यांनी पट्टी बांधली आणि दुसरा खुंट ओढला. "धाकट्यांना तुम्ही सांगायचं," ते वर न बघता म्हणाले. "आणि या रोपांचे जुने डोळे काढायला घ्या. एकशे ऐंशी एक आहेत."

संध्याकाळी त्याने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून धाकट्यांना फोन केला. सगळं सांगितलं. मग धाकटे म्हणाले, "साडूभाऊ, मला ती तार काढायला शिकवाल का? माझ्या बावीसच्या बावीस चाकूंवर असणार ती." ना चिडणं, ना टोमणा. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा आमच्या माणसाला पहिल्यांदा वाटलं काय, तर पुन्हा हेवा. एवढं मोठं मन याला मिळालं कुठून? आपल्या वाट्याला का नाही?

रोपवाटिका माळ्याकडे गेली नाही. जुना चाकू सासऱ्यांनी परत घेतला, आणि नवाही ठेवला. जाडसर फांद्यांना तो बरा पडतो म्हणाले. आणि पंधरा दिवसांनी, मंगळवारी, अकराच्या ठोक्याला ते गाळ्यापाशी आले. स्टूल ओढलं, बसले, चाकू फळीवर ठेवला. "बघा हो थोरले, जरा ओढायला लागलाय." चावीवाल्याने कानस थांबवून हसून मान हलवली. चहा आला, दोन कप. धारवाल्याला इतकं बरं वाटलं की त्याने बिस्किटंही मागवली.

चहा संपेपर्यंत चाकू तयार झाला. त्याने पातं उताणं करून शेवटचा हात फिरवला, पुसला आणि पुढे केला.

सासऱ्यांनी चाकू उजेडाकडे धरला. मग पातं उलटं करून, रोपवाटिकेत त्याने शिकवलं होतं तसंच, सपाट अंगावरून नख कडेकडे नेलं. हळू, टोकापर्यंत. नख कुठे अडकलं नाही. त्यांनी पातं मिटलं आणि खिशात ठेवलं.

"छान झालाय," ते म्हणाले. एकतीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं. धारवाल्याने मान खाली घातली आणि फळीवरची पुढची कात्री उचलली.